आधी चालवून बघू द्या

४२४२ ४२४२ ४२४२ ४२४२. हा व्हिसा कार्डाचा क्रमांक आहे, पण असं कार्ड कुणाच्या पाकिटात सापडणार नाही. मुदत म्हणून पुढची कुठलीही तारीख घाला, पाठीमागचे तीन आकडे मनाला येतील ते टाका, पेमेंट यशस्वी झाल्याचा निरोप येतो. प्रत्यक्षात एक पैसाही इकडचा तिकडे होत नाही. स्ट्राइप या पेमेंट कंपनीनं डेव्हलपरांना सरावासाठी दिलेला हा क्रमांक. त्याची निवडही उगीच केलेली नाही. कार्डाचा क्रमांक टाइप करताना चुकला का, हे ओळखण्यासाठी एक ठरलेली आकडेमोड असते: उजवीकडून एक आड एक आकडा दुप्पट करायचा, सगळ्यांची बेरीज करायची, ती दहाच्या पाढ्यात बसली पाहिजे. इथं प्रत्येक चाराचे आठ होतात, शेजारी दोन, म्हणजे जोडीला दहा. आठ जोड्यांचे ऐंशी. क्रमांक खोटा, तरी तपासणीत पास, आणि एकदा ऐकला की पाठ.

डेव्हलपरांनी एखादं एपीआय वापरायला घ्यावं यासाठी काय करावं लागतं, हे समजून घ्यायला या क्रमांकापासून सुरुवात करणं बरं. कारण कंपन्यांचा बराच खर्च होतो जाहिरातींवर, परिषदांवर आणि टी-शर्टांवर, आणि डेव्हलपर मात्र बहुतेक वेळा अशा एखाद्या खोट्या कार्डामुळे वश होतो.

एपीआय म्हणजे काय, हे दोन वाक्यांत. एका प्रोग्रॅमनं दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमकडे ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या नमुन्यात मागणी पाठवायची आणि ठरलेल्या नमुन्यातच उत्तर घ्यायचं, ही जी सोय असते ती एपीआय. गाडी बोलावण्याच्या ॲपमधला नकाशा, जेवण मागवताना येणारा ओटीपी, शेवटी पैसे भरण्याचं पान, हे सगळं त्या ॲपवाल्यांनी स्वतः बनवलेलं नसतं. कुणीतरी डेव्हलपरनं कधीतरी ठरवलेलं असतं की नकाशा अमक्याचा, एसएमएस तमक्याचा.

हे ठरवणारा माणूस कोण, हा पहिला मुद्दा. जुन्या पद्धतीत सॉफ्टवेअर विकलं जायचं ते साहेबाला. सेल्समन यायचा, प्रेझेंटेशन व्हायचं, करार व्हायचा आणि मग एक दिवस डेव्हलपरला सांगितलं जायचं की आता हे वापरायचं. एपीआयच्या धंद्यात ही उतरंड उलटी झाली. प्रोग्रॅममधून फोन आणि एसएमएस करण्याची सोय विकणाऱ्या ट्विलिओनं २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठा फलक लावला. त्यावर कंपनीचं नाव आणि एवढाच मजकूर, की तुमच्या डेव्हलपरला विचारा. कंपनी काय विकते, याचा पत्ता नाही. गाडीतून जाणाऱ्या व्यवस्थापकाला काही कळणार नाही, तो ऑफिसात जाऊन खरोखरच विचारेल, आणि डेव्हलपरला ट्विलिओ आधीच ठाऊक असेल, हा त्यामागचा हिशेब. कंपनीचे एक संस्थापक जेफ लॉसन यांनी पुढे याच नावाचं पुस्तकही लिहिलं.

पण डेव्हलपरला ते आधीच ठाऊक कसं होणार? यासाठी स्ट्राइपची गोष्ट जरा सविस्तर पाहू.

२०१० च्या सुमाराला अमेरिकेत वेबसाइटवर कार्डानं पैसे घ्यायचे म्हणजे मोठं झेंगट होतं. आधी बँकेकडे व्यापारी खातं उघडा, मग पेमेंट गेटवेशी वेगळा करार करा, कागदपत्रं पाठवा, मंजुरीची वाट पाहा. तोवर ज्या सॉफ्टवेअरशी आपला प्रोग्रॅम जोडायचा, ते चालतं कसं हे बघायलाही मिळायचं नाही. पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन या आयरिश भावांनी हा क्रम फिरवला. त्यांनी सप्टेंबर २०११ मध्ये सेवा सगळ्यांसाठी खुली केली तेव्हा दर होता व्यवहारामागे २.९ टक्के आणि वर ३० सेंट. सुरुवातीची फी नाही, महिन्याचं भाडं नाही. आणि मुख्य म्हणजे कोड लिहून बघायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.

त्याहीआधी, सेवा मोजक्याच लोकांपुरती होती तेव्हाची त्यांची पद्धत गुंतवणूकदार पॉल ग्रॅहम यांनी २०१३ च्या एका निबंधात नोंदवली आहे. एखाद्यानं ‘बघतो वापरून’ म्हटलं की दुसरं कुणी त्याला लिंक पाठवून मोकळं झालं असतं. कॉलिसन बंधू म्हणायचे, आण तुझा लॅपटॉप. आणि तिथल्या तिथे जोडून द्यायचे. नव्या कंपन्यांना सुरुवातीचं भांडवल देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरच्या वर्तुळात या प्रकाराला त्यांचंच नाव पडलं. यात नुसती चिकाटी नव्हती, असं माझं मत आहे. दुसऱ्याच्या यंत्रावर आपलं एपीआय बसवताना तो माणूस कुठे अडतो, हे समोर बसल्यावर जसं कळतं तसं कुठल्याही अहवालातून कळत नाही.

आता डेव्हलपरच्या बाजूनं हा प्रवास पायरी पायरीनं बघू. त्याला एक काम उरकायचं आहे. त्यानं तीन कंपन्यांची डॉक्स, म्हणजे एपीआय कसं वापरायचं ते सांगणारी पानं, तीन टॅबमध्ये उघडली आहेत. पहिलीकडे ‘आमच्या प्रतिनिधीशी बोला’ असं बटण आहे. तो टॅब बंद होतो. दुसरीकडे खातं उघडता येतं, पण जीएसटी क्रमांक आणि रद्द केलेला चेक अपलोड केल्याशिवाय की मिळत नाही. की म्हणजे मागणी कुणाची आहे हे ओळखण्यासाठी दिलेली अक्षरांची लांबलचक माळ. तिसरीकडे ईमेल आणि पासवर्ड दिला की सरावाची, म्हणजे टेस्ट मोडची की लगेच हातात. खरे पैसे घ्यायचे तेव्हा कागदपत्रं द्यावीच लागतील, ते कायद्यानं चुकत नाही. पण ती वेळ येईतो त्याचा कोड लिहून झालेला असतो आणि मग कागदपत्रांसाठी तोच कंपनीतल्या अकाउंट्सच्या माणसाच्या मागे लागतो. आपल्याकडे २०१४ साली सुरू झालेल्या रेझरपेनं हीच वाट धरली. तिथे टेस्टच्या कीच्या सुरुवातीलाच ‘टेस्ट’ असं लिहिलेलं असतं आणि खऱ्या कीच्या सुरुवातीला ‘लाइव्ह’. दिसायला क्षुल्लक, पण रात्री साडेअकराला डोळे तारवटलेला माणूस खऱ्या ग्राहकाच्या कार्डावर प्रयोग करत नाही, तो यामुळे.

की मिळाली की पुढची पायरी पहिल्या कॉलची. डॉक्समधला नमुना उचलायचा, आपल्याकडे चिकटवायचा, चालवायचा. इथे चांगल्या आणि बऱ्या डॉक्समधला फरक उघडा पडतो. बरी डॉक्स नमुन्यात ‘इथे तुमची की घाला’ असं लिहितात. स्ट्राइपच्या डॉक्समध्ये लॉगिन केलेलं असेल तर नमुन्यात तुमची टेस्ट की आधीच भरलेली असते. डावीकडे विषयांची यादी, मध्ये स्पष्टीकरण, उजवीकडे कोड, आणि तो कोड पायथनमध्ये हवा की पीएचपीमध्ये की रूबीमध्ये, हे निवडायची सोय. ही तीन रकान्यांची मांडणी पुढे इतक्या जणांनी उचलली की आता ती कुणाची, हे कुणी विचारत नाही. चिकटवल्यावर पहिल्या फटक्यात उत्तर आलं पाहिजे. खातं उघडल्यापासून हे पहिलं उत्तर येईपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा या क्षेत्रातले लोक डोळ्यात तेल घालून पाहतात, आणि बरोबरच करतात. त्या पहिल्या उत्तरानंतर माणूस टॅब बदलत नाही.

पण नुसत्या यशाचा सराव पुरत नाही. व्यवहार फसतात, आणि कोडचा मोठा भाग ते फसल्यावर काय करायचं यातच जातो. म्हणून सरावाच्या कार्डांचं अख्खं कुटुंब असतं. ४००० नं सुरू होऊन ०००२ वर संपणारं स्ट्राइपचं कार्ड नेहमी नाकारलं जातं, ९९९५ वर संपणाऱ्यात पुरेसे पैसे नसतात. रेझरपेच्या टेस्ट मोडमध्ये यूपीआयचे दोन पत्ते आहेत, सक्सेस@रेझरपे आणि फेल्युअर@रेझरपे. पहिल्यावर पैसे जातात, दुसऱ्यावर जात नाहीत. अपयश मागवल्याबरोबर हजर करणं ही एपीआय देणाऱ्याकडून मिळणारी सगळ्यात उपयोगी भेट. ती नसेल तर डेव्हलपर यशाचा कोड लिहितो, अपयशाचा अंदाजानं लिहितो आणि तो अंदाज दिवाळीच्या सेलमध्ये उघडा पडतो.

एररचंही तसंच. उत्तरात नुसतं ‘४००, चुकीची मागणी’ आलं तर चूक शोधायला दुपार जाते. नीट बनवलेलं एपीआय चुकीची जात सांगतं. ४०१ म्हणजे की चुकली, ४२९ म्हणजे फार घाई करताय, जरा थांबा. स्ट्राइपच्या एररमध्ये कुठला रकाना चुकला त्याचं नाव असतं, माणसाला वाचता येईल असं वाक्य असतं, आणि बऱ्याचदा डॉक्समधल्या नेमक्या पानाचा पत्ताही असतो. डॉक्स कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. अडलं की वाचतात. म्हणून एरर हेच डॉक्सचं खरं पहिलं पान, आणि ते लिहायचं काम नव्या पोरावर ढकलून देणाऱ्या कंपन्यांची मला कीव येते.

यातली एक सोय मात्र थांबून समजून घेण्यासारखी आहे. समजा तुमच्या सर्व्हरनं ‘या कार्डावरून हजार रुपये घ्या’ अशी मागणी पाठवली आणि उत्तर येण्याआधी नेटवर्क तुटलं. पैसे घेतले गेले का? तुम्हाला माहीत नाही. मागणी वाटेतच हरवली असेल, किंवा पैसे कापले जाऊन फक्त उत्तर हरवलं असेल. पुन्हा पाठवावी तर दोनदा कापले जाण्याची भीती, न पाठवावी तर माल फुकट जाण्याची. यावर उपाय असा, की प्रत्येक मागणीबरोबर तुम्हीच बनवलेला एक वेगळा खूणक्रमांक पाठवायचा. त्याच क्रमांकाची मागणी दुसऱ्यांदा आली तर स्ट्राइपचा सर्व्हर पैसे पुन्हा घेत नाही, पहिल्या वेळचंच उत्तर परत पाठवतो. हे उत्तर किमान चोवीस तास जपून ठेवलं जातं. म्हणजे नेटवर्क तुटलं तर डेव्हलपरनं एवढंच करायचं: तीच मागणी, त्याच क्रमांकासकट, बिनधास्त पुन्हा धाडायची. ज्याला दुहेरी कपातीबद्दल ग्राहकांचे फोन घ्यावे लागले आहेत, त्याला ही सोय कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त बोलते.

माणसं लागतातच, नाही असं नाही. ट्विलिओचं नाव पहिल्यांदा गाजलं ते २०१५ च्या फलकामुळे नाही, तर २००८ च्या नोव्हेंबरात, एका चेष्टेमुळे. लॉसन यांनी समोरच्याला फोन करून, इंटरनेटवर लोकांना फसवून ऐकवलं जाणारं रिक ॲस्टलीचं गाणं ऐकवणारा प्रोग्रॅम लिहिला होता आणि गुंतवणूकदार डेव्ह मॅक्लुअर यांनी तो टेकक्रंच या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या साइटचे संपादक मायकल ॲरिंग्टन यांच्यावर चालवला. पुढे कंपनीची माणसं मंचावर उभी राहून प्रेक्षकांसमोर कोऱ्या पडद्यावर कोड लिहायला घेत आणि काही मिनिटांत सभागृहातले फोन वाजू लागत. या कामाला डेव्हलपर इव्हँजेलिस्ट असं भारदस्त नाव आहे. हॅकेथॉनमध्ये जाऊन रात्रभर पोरांच्या शेजारी बसणं, त्यांचे प्रश्न सोडवणं आणि सकाळी कंपनीत परतून ‘आपलं अमुक पान वाचून कुणालाच काही कळत नाही’ हे सांगणं, असं त्याचं रोजचं रूप. त्यातला शेवटचा भाग बऱ्याच ठिकाणी गळतो आणि उरतो तो फक्त टी-शर्टवाला.

काही वेळा तर डेव्हलपर निमंत्रणाचीही वाट पाहत नाहीत. गुगल मॅप्स फेब्रुवारी २००५ मध्ये आलं तेव्हा त्याला एपीआय नव्हतंच. ड्रीमवर्क्समध्ये काम करणाऱ्या पॉल राडेमाकर यांनी नकाशाचा कोड उलगडून पाहिला आणि क्रेगलिस्टवरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती त्यावर मांडल्या. गुगलनं वकील पाठवला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अधिकृत एपीआय काढलं आणि राडेमाकर यांना नोकरी दिली.

त्याच गुगल मॅप्सनं पुढे दुसरी बाजूही दाखवली. जुन्या दरपत्रकात वेबसाइटवर दिवसाला २५,००० वेळा नकाशा फुकट उघडता यायचा. १६ जुलै २०१८ ला त्याऐवजी महिन्याला २०० डॉलरची सूट आली, म्हणजे महिन्याला साधारण २८,००० वेळा, आणि कार्ड नोंदवणं सक्तीचं झालं. दिवसाचा हिशेब महिन्यावर आला. कित्येक छोट्या साइट्स लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपकडे वळल्या. फुकट देणं हा गुन्हा नाही आणि पैसे मागणं हाही नाही. पण उद्या किती मागाल याचा अंदाज बांधता येत नसेल, तर डेव्हलपर आपला कोड असा लिहितो की एका रात्रीत दुसरीकडे जाता यावं. भारतात २०२४ मध्ये ओलानं स्वतःचे नकाशे डेव्हलपरांना वर्षभर फुकट देऊ केले आणि त्याच सुमाराला गुगलनं इथले दर ७० टक्क्यांपर्यंत खाली आणले. त्या वेळी ज्यांचा कोड असा सैल बांधलेला होता, त्यांना दोन्हीकडचे दर घासून घेता आले.

दुसऱ्याच्या एपीआयवर धंदा उभारणं म्हणजे दुसऱ्याच्या रानात घर बांधणं. आणि ‘कसेल त्याची जमीन’ हा कायदा इथं लागू नाही. ट्विटरइतकं हे कुणीच दाखवून दिलेलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत बाहेरच्या डेव्हलपरांनी ट्विटरला अक्षरशः वाढवलं. आयकॉनफॅक्टरीच्या ट्विटरिफिकनं पक्ष्याचं चिन्ह आधी वापरलं. लॉरेन ब्रिक्टर यांच्या ट्वीटी या ॲपमध्ये पडदा खाली ओढून यादी ताजी करण्याची युक्ती आली, जी आज प्रत्येक फोनमध्ये आहे. ते ॲप २०१० मध्ये ट्विटरनं विकतच घेतलं. मग दोन वर्षांनी नियम आला, की बाहेरच्या नव्या ॲपला एक लाखाहून जास्त वापरकर्ते हवे असतील तर आमची परवानगी लागेल. जानेवारी २०२३ मध्ये अशी ॲप्स आधी बंद पडली आणि मग नियम बदलल्याचं कळलं. त्याच वर्षी रेडिटनं हजार कॉलना २४ सेंट असा दर जाहीर केला. अपोलो या लोकप्रिय ॲपचे कर्ते ख्रिश्चन सेलिग यांनी हिशेब मांडला, तर वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर द्यावे लागत होते. ३० जूनला अपोलो बंद झालं.

दर कितीही असो, बदलाआधी मुदत किती दिली हे डेव्हलपर विसरत नाही.

याच्या उलट टोकाला व्हर्जनची शिस्त. एपीआय बदलतंच, रकान्यांची नावं बदलतात, उत्तराचा आकार बदलतो. स्ट्राइपमध्ये प्रत्येक व्हर्जनच्या नावात एक तारीख असते. तुम्ही पहिला कॉल केला त्या दिवशी जे व्हर्जन चालू असेल, ते तुम्ही स्वतः बदलेपर्यंत तुमच्या खात्याला चिकटतं. कंपनीच्या आत सगळा कारभार नव्या पद्धतीनं चालतो, पण तुम्हाला उत्तर देताना ते एकेका बदलातून उलटं मागे नेलं जातं, तुमच्या तारखेपर्यंत. २०१७ मध्ये कंपनीच्याच एका अभियंत्यानं या रचनेचं वर्णन केलं, तेव्हा २०११ पासूनची सगळी व्हर्जनं चालू होती. आतल्या माणसांना हे महाग पडतं. पण बाहेर कुणाचा तरी पाच वर्षांपूर्वी लिहिलेला कोड, ज्याचा कर्ता केव्हाच नोकरी सोडून गेला आहे, तो अजून पैसे घेतो आहे.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण, यूपीआय, या चौकटीत नीट बसत नाही. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते ते सुरू झालं तेव्हा २१ बँका त्यात होत्या. त्याचं मूळ एपीआय तेव्हाही बँकांपुरतं होतं आणि आजही कुणी एकटा डेव्हलपर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे जाऊन की मागू शकत नाही. बँक किंवा पेमेंट कंपनी मध्ये लागते. पण एक दार मात्र उघडं ठेवलं गेलं. पैसे मागणारी लिंक कशी लिहायची, त्याचा नमुना जाहीर केला गेला: आधी यूपीआय आणि पे, मग पीए म्हणजे घेणाऱ्याचा पत्ता, पीएन म्हणजे त्याचं नाव, एएम म्हणजे रक्कम, सीयू म्हणजे चलन. अँड्रॉइड फोनवर अशी लिंक दाबली की फोनमधल्या यूपीआय ॲप्सची यादी समोर येते. पानाच्या टपरीवरच्या क्यूआर कोडातही हाच मजकूर असतो. तो लिहायला नोंदणी लागत नाही, की लागत नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती छापणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिणारा मुलगाही तो वापरू शकतो.

मर्यादाही तितकीच स्पष्ट. लिंक पैसे भरण्याचं पान उघडून देते, पण पैसे खरंच जमा झाले का, याची खात्रीची खबर तुमच्या सर्व्हरला त्यातून मिळत नाही. त्यासाठी बँकेकडे किंवा रेझरपेसारख्या कंपनीकडे जावं लागतं, आणि तिथे जाताना एक गोष्ट बदलते. यूपीआयच्या लिंकमध्ये रक्कम रुपयांत लिहायची. रेझरपेच्या एपीआयमध्ये ती पैशांत पाठवायची. दोन्हीकडे ५०० लिहिलं, तर एकीकडे पाचशे रुपये मागितले जातात आणि दुसरीकडे पाच.